कंपनीने पाठवलं नव्हतं

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि गावात तुमच्या नावावर एक खोटी गोष्ट फिरायला लागलीय. ती तुमच्या कानावर कुठे घालायची? गावी असते तर कब्रस्तानाच्या गडग्याबाहेर उभी राहून तरी बोलले असते. इथे सौदीत, जुबैलला बायका तिकडे जात नाहीत. आपला यासीन जुम्म्याची नमाज झाली की जाऊन येतो. सांगतो, अम्मी, सगळ्या कबरी सारख्याच आहेत, नाव नाही, काही नाही, अब्बांची कुठली ते मी दिव्याच्या खांबावरून ओळखतो. तेव्हा म्हटलं, लिहूया. इद्दतीत बसलेल्या बाईने घराबाहेर पडू नये हे ठीक, पण लिहू नये असं काही मला कुणी सांगितलेलं नाही.

शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन गावाहून येणाऱ्या पापडांच्या डब्यांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर झालं, आणि त्यावरून तुम्ही मला किती चिडवायचात, की हिला बातम्या कळतात पण अर्ध्याच, उरलेली अर्धी पापडाला चिकटलेली असते. असू दे. मी बोलते तशी लिहिते, तुम्ही ऐकायचात तसं ऐका. पण आता मध्येच उठून चहा टाक म्हणू नका.

गोष्ट अशी आहे. तुमच्या भावाने, सलीमने, गावात सगळ्यांना सांगितलंय की मरायच्या आधी तुम्हाला कंपनीने आफ्रिकेला पाठवलं होतं. कामावर. मोठं प्रोजेक्ट होतं म्हणे, तुमच्यासारखा माणूस दुसरा मिळेना म्हणून तुम्हालाच पाठवलं. तुमच्या फातिहाला जेवढी माणसं आली त्या सगळ्यांनी हे ऐकलं आणि मान डोलावली. आणि परवा त्याने मला फोन करून सांगितलं, भाभी, कुणी विचारलं तर तुम्ही पण हेच सांगा, भाईची इज्जत राहील.

सलीमच्या मनात वाईट नाही, हे मला कळतं. तो अडकलाय. त्याच्या मुलीची मंगनी तुमच्या छुट्टीच्या बेताने ठरली होती आणि तुम्ही आला नाहीत. मुलाकडच्यांनी विचारलं, मोठे चाचा कुठे? तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, कंपनीने आफ्रिकेला पाठवलं. तेव्हाची ती थाप. पुढे तुम्ही गेलात आणि तीच थाप तुमच्या मय्यतीवर फुलांच्या चादरीसारखी पसरली.

मी त्याला हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले, आणि निवडता निवडता माझं डोकं असं काही तापलं की विचारू नका.

कारण कंपनीने तुम्हाला कुठे पाठवलं ते मला माहीत आहे. कंपनीने तुम्हाला घरी पाठवायचं ठरवलं होतं. सौदायझेशनचा जोर होता. कंपनीत सौदी माणसं कमी म्हणून सरकारच्या यादीत कंपनी पिवळ्या रंगात, म्हणजे धोक्यात गेली होती, तिला हिरव्यात यायचं होतं, आणि त्यासाठी रिगिंग फोरमनची, म्हणजे क्रेनने ओझी उचलून घेणाऱ्या मुकादमाची, तुमची जागा सौदी माणसाला द्यायची होती. त्या माणसाला, फहदला, तुम्ही वर्षभर शेजारी उभं करून शिकवलंत. क्रेनवाल्याला हाताने खूण कशी करायची, वारा कसा बघायचा, ओझं जमिनीवरून टीचभर उचलून आधी का थांबायचं. घरी येऊन म्हणायचात, पोरगं चांगलं आहे, हात चांगला आहे त्याचा. दोन मुलांचा बाप, तुम्ही त्याला पोरगं म्हणायचात. मी चिडून म्हटलं होतं, तुमची खुर्ची ओढून घेणाऱ्याचं कौतुक काय करता? तुम्ही म्हणालात, खुर्ची कंपनीची होती गं, मी फक्त बसलो होतो. आणि शिकवणं माझं होतं, ते नीट नको करू?

मग शेवटची छुट्टी आली. त्यानंतर परत येऊन दोन-तीन महिने काम, आणि मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी. खलास.

आपल्या लोकांत छुट्टी कुणाची असते? बाहेरचा कुणी वाचत असेल तर त्याला कळणार नाही म्हणून सांगते. छुट्टी गावाची असते. नोकरीवर असलेला माणूस वर्षभर इथे राबतो आणि छुट्टीत तिथे राबतो. कुणाचं लग्न अडवून ठेवलेलं असतं, कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाच्या छपराची कौलं. दोरीने बांधलेली कार्टनं उतरवायची, घरोघरी वाटायची, कुणाला कमी गेलं म्हणून रुसवे काढायचे. तीस-बत्तीस वर्षांत तुमची एकसुद्धा छुट्टी तुमची नव्हती. मला आठवतं, एकदा मी म्हटलं होतं, चला की दोन दिवस महाबळेश्वरला. तुम्ही म्हणालात, आपा काय म्हणेल? आपा म्हणजे तुमची मोठी बहीण. आई लहानपणी गेल्यावर तिनेच तुम्हाला वाढवलं, आणि सलीमलाही. महाबळेश्वर राहिलं ते राहिलंच.

आणि असा माणूस एका संध्याकाळी भाजी चिरताना मला म्हणतो, या छुट्टीला गावी नको जाऊया. नामिबियाला जाऊया.

मी सुरी खाली ठेवली. नामिबिया कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही भिंतीकडे बोट दाखवलंत. तिथे वॉल्व्ह विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं जुनं कॅलेंडर लटकत होतं. वर्ष केव्हाचं संपलेलं, मी ते कपाटाच्या फळीवर घालायला कितीदा मागितलं, तुम्ही दिलं नाहीत. त्यावर एक लांब शिंगांचा प्राणी लालभडक वाळूच्या टेकडीवर एकटा उभा होता. ओरिक्स. तुम्ही म्हणालात, हा जिथे राहतो तिथे.

आपण त्याचा भाऊबंद इथे पाहिला होता की, मुलं लहान असताना सहलीला गेलो तेव्हा. पांढरा, सुंदर. जाळीच्या पलीकडे. इथे तो शिकारीत संपला होता, मग परत आणून वाढवला, असं काही तिथे लिहिलं होतं. तुम्ही त्या जाळीत बोटं अडकवून किती वेळ उभे होतात. मी समोसे थंड होतायत म्हणून हाका मारत होते.

लोक हसले, बरं का. बिल्डिंगमध्ये आपली कोकणी घरं आता तीन-चारच उरली होती, बाकीची एकेक करून गावी गेली. पण हसायला तीन-चार घरं पुरतात. वाळवंटातून उठून वाळवंट बघायला चालले, म्हणे. वाळूच बघायची तर दाराबाहेर बघा. सलीम फोनवर म्हणाला, भाई, मंगनी आहे. यासीन पण म्हणाला, अब्बा, टायमिंग बघा ना. एवढा समजूतदार मुलगा, पण त्यालाही टायमिंग. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत. म्हणालात, मी वाळवंटात राहिलोच नाही. मी कुंपणात राहिलो. बसमधून प्लँट, प्लँटमधून बस. वाळवंट मी काचेतून बघितलंय.

आणि रात्री मला हळूच विचारलंत, येशील ना? मी म्हटलं, बॅग कुठली घ्यायची ते सांगा. एवढंच. माझ्या आयुष्यात मी दिलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. त्याबद्दल आता लोक मला दोष देतात.

बॅग नाही, तुम्ही कार्टन बांधलंत. सवयीने. निळी नायलॉनची दोरी, चारी बाजूंनी मार्करने नाव. जोहान्सबर्गला आणि मग नामिबियातल्या विंडहूकला त्या कार्टनकडे लोक असे बघत होते जसं काही आत जिवंत कोंबडी आहे. आत काय, तर खजूर, सुकी चटणी, पापड, कारण तिथलं मटण आपल्याला चालेल न चालेल. मग दिवसभर खडीचा रस्ता. एकही झाड नाही, लाल सपाट माथ्याचे डोंगर, आणि आभाळ एवढं मोठं की मला भीती वाटली. शेवटी आपला राहायचा कॅम्प. ती जमीन तिथल्या गावांची, जनावरं सांभाळायची ती गावंच सांभाळतात, आलेल्या पाहुण्यांवर त्यांचं पोट पण चालतं. आपला वाटाड्या तिथलाच, योहानेस नावाचा, मोठ्या पोटाचा, मोठ्याने हसणारा माणूस.

तिथे पोचल्या पोचल्या तुम्ही काय केलंत ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते. नाव लिहून घेणाऱ्या बाईने पासपोर्ट मागितले. तुम्ही दोन्ही दिलेत आणि खोलीकडे चालायला लागलात. परत घ्यायचे असतात हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, खरं म्हणजे. पासपोर्ट दुसऱ्याकडेच असतो. इतकी वर्षं कंपनीच्या कपाटात असायचा, छुट्टीपुरता हातात यायचा. सकाळी योहानेस ते घेऊन आला आणि तुम्ही म्हणालात, राहू द्या तुमच्याकडे, जाताना द्या. तो हसायला लागला. त्याला वाटलं तुम्ही थट्टा करताय. म्हणाला, सर, मी याचं काय करू? माझा फोटो पण नाही यात.

तुम्ही पण हसलात. पण दिवसभर तुमचा हात खिशावर जात होता. मी बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण काय बोलले असते तेही सुचत नाही.

जीपमध्ये मला पुढे बसवलंत. योहानेसच्या शेजारी. मी म्हटलं, अहो, मी कशाला पुढे? तुम्ही म्हणालात, तू तीस वर्षं मागे बसलीस, आता तुझ्या काचेवर माझं डोकं नको. पदर डोक्यावर घट्ट आवळून मी बसले पुढे, आणि समोर काहीच नव्हतं. ना पुढची माणसं, ना पडदा, ना काच. वारा सरळ तोंडावर. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, वाऱ्याने होतं. होय, वाऱ्यानेच.

तुम्ही योहानेसला एकच प्रश्न सारखा विचारत होतात, कुंपण कुठे आहे? तो म्हणाला, नाही. थोड्या वेळाने परत, म्हणजे या बाजूला कुठवर? तो म्हणाला, कुठेच नाही, सर, चालत राहिलं की समुद्र येतो. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी हिंदीत सांगितलं, त्याला काय कळणार, पण सांगितलं, की या माणसाला पटायला वेळ लागतो.

आणि मग तो दिसला. भर दुपारी. टेकडीवर नव्हे, आपल्यापासून थोड्याच अंतरावर, खडीत, सावली नसलेल्या जागी. इथल्यासारखा पांढरा नाही, राखाडी, तोंडावर काळे पट्टे, शिंगं तलवारीसारखी सरळ. माझ्या तोंडून काहीतरी मोठ्याने निघालं, तर तुम्ही मागून हात पुढे केलात, एक हात आडवा स्थिर आणि त्याच्याखाली दुसरा. क्रेनवाल्याला करायची खूण, हळू. घरात पाहुण्यांसमोर माझा आवाज चढला की तुम्ही हीच खूण करायचात आणि मी मनातून जळायचे. तिथे मी गप्प बसले. त्याने आपल्याकडे बघितलं, पोटावरच्या माशा शेपटीने उडवल्या आणि चरायला लागला. काय चरत होता अल्ला जाणे, मला तर दगडच दिसत होते. तुम्ही एक फोटो काढला नाहीत. यासीनने एवढा महागाचा कॅमेरा दिलेला, मांडीवर तसाच.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. तेही लिहिते, कारण तुमची बाजू मांडताना माझी सोडणार नाही. कोरड्या नदीच्या पात्रात योहानेसने खुर्च्या मांडल्या होत्या आणि तो जीपपाशी काहीतरी करत होता. तुम्ही म्हणालात, बघ, पाणी नाही, सावली नाही, तरी उपरा वाटत नाही तो.

मी म्हटलं, तो इथलाच आहे. उपरा कसा वाटेल?

"आणि आपण कुठले?"

"हा काय प्रश्न? गुहागरचे."

"गुहागरला माझी खाट ओटीवर घालतात. पाहुण्याची."

मला इतका राग आला. त्या घराची एकेक खोली आपण इथे उन्हात उभे राहून बांधली. मी म्हटलं, मग खाट आत ओढा, कुणी धरलंय तुम्हाला? दर वर्षी पाहुण्यासारखे येता, पाहुण्यासारखे वाटता, पाहुण्यासारखे जाता, मग लोक ओटीवरच झोपवणार. फायनल एक्झिट झाली की राहा तिथे, भांडा सलीमशी बांधावरून, चार शिव्या खा, व्हाल गावचे. तुम्ही म्हणालात, आणि मला नकोच असेल तर? तर काय, ते तुम्ही सांगणार होतात. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात योहानेस वाकून पळत आला, बोट ओठांवर. पात्राच्या वळणावरून हत्ती येत होते. वाळूच्याच रंगाचे, सावकाश, पिल्लू मध्ये घालून. आपण दोघंही तोंडं मिटून बसलो. ते गेले तेव्हा अंधार पडला होता आणि भांडण कुठे थांबलं होतं ते आठवेना. किंवा दोघांनाही आठवत होतं आणि कुणी उचललं नाही.

तर आता ऐका. माझं अजून म्हणणं आहे की मी बरोबर होते. गावचं व्हायला भांडावं लागतं, नुसती कार्टनं वाटून होत नाही. पण तुम्हाला काय नको होतं आणि काय हवं होतं, ते मला कळलं नाही. परत आल्यावर विचारू, म्हटलं. परत आल्यावर तुम्ही कामावर, फहदला उरलेलं दाखवायची घाई, मी सामान बांधायच्या मागे. आणि एका सकाळी बूट घालायला वाकलात ते उठलाच नाहीत. दुपारी असरच्या नमाजेआधी तुम्हाला नेलं. डोला उचलणाऱ्यांत फहद होता, यासीन सांगतो, पूर्ण वाट त्याने खांदा बदलू दिला नाही. मी या फ्लॅटमध्ये इद्दत पुरी करावी म्हणून कंपनीत बोलला तोही तोच. तुमचं कौतुक खरं होतं. हे मी तुम्हाला आज कबूल करते, जिवंतपणी केलं नसतं.

तर असे तुम्ही. आणि सलीम म्हणतो, कंपनीने पाठवलं होतं.

तांदूळ निवडताना मला तेच खुपत होतं. बस कंपनीची, फ्लॅट कंपनीचा, हेल्मेट कंपनीचं, सकाळ कोणती आणि रात्र कोणती ते कंपनीने ठरवलेलं. सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट तुम्ही कुणालाही न विचारता केलीत, आणि ती पण यांनी उचलून कंपनीच्या खात्यात टाकली. ज्या कंपनीने जा म्हटलं, तिनेच मान दिला असं सांगून तुमची इज्जत राखायची? तुमची इज्जत एवढी गरीब नाही.

म्हणून मी आपाला फोन केला. सलीमला न सांगता. आपाला ऐकू कमी येतं, सून तिच्या कानाला फोन धरून उभी राहते, म्हणजे जे काय बोलायचं ते मोठ्याने आणि साक्षीदारासमोर. या बाईला मी लग्न झाल्यापासून घाबरत आलेय. दर छुट्टीला तिने तुमच्यासाठी सोडे, कोकम, फणसाची साटं भरून ठेवायची, आणि या वर्षी ते भरलेले डबे तिच्या खाटेखाली तसेच होते, हे सलीमच्या बायकोने मला मुद्दाम सांगितलं होतं.

मी म्हटलं, आपा, त्यांना कंपनीने पाठवलं नव्हतं. कंपनीने तर कामावरून काढलं होतं. छुट्टी होती, शेवटची होती, आणि ते आपल्या मनाने मला घेऊन फिरायला गेले.

पलीकडे सुनेने तेच आपाच्या कानात परत मोठ्याने सांगितलं.

मग आपा म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे यायचं सोडून गेला."

"हो."

"तू अडवलं नाहीस."

"नाही अडवलं. आणि माफी मागायला पण फोन केला नाही, आपा. तुमचं दुःख मला कळतं. पण उद्या ते परत म्हणाले की चल, तर मी परत जाईन."

हे मी म्हटलं. मी, जिने आपासमोर कधी पाय लांब करून बसायची हिंमत केली नाही. मला वाटलं आता फोन आपटेल, मग सलीम ओरडेल, मग मी गावी गेल्यावर त्या घरात मला पाणी कोण देईल. सगळं वाटलं. पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

आपा बराच वेळ रडली. मी पण. सून मध्येच म्हणाली, मामी, ठेवू का? आपा तिच्यावर खेकसली, की ठेवू नको. नाक ओढून मला म्हणाली, "मला सांग, काय बघितलं त्याने तिथे?"

मी सांगत राहिले. डाळ जळली तरी उठले नाही. आपाने मध्ये मध्ये प्रश्न विचारले, हत्ती पाणी कुठलं पितात, तिथल्या बायका काय नेसतात, आणि तो खूश होता का. मी म्हटलं, आपा, मी त्यांना एवढं गप्प आणि एवढं खूश कधी बघितलं नाही. ती म्हणाली, मग बरं झालं. असं नुसतं नाही म्हणाली, आधी तुम्हाला एक शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही.

काल सलीमचा फोन. आवाज पडलेला. भाभी, हे काय केलंत? आपा ओटीवर बसून येईल-जाईल त्याला हाक मारून सांगतेय, अगदी मुलीच्या सासरच्यांनासुद्धा, की माझ्या भावाला कुणी पाठवलं बिठवलं नव्हतं. नोकरी गेली म्हणून तोंड लपवून गावी पळून नाही आला तो, आधी बायकोला घेऊन दुनिया बघायला गेला, तुमच्यातला कोण गेलाय? भाभी, आता मी लोकांना काय सांगू?

मी म्हटलं, सलीम, आपा सांगतेय तेच सांग.